पाकिटामागची बारीक अक्षरं

बावीस वर्षं मी मुंबईत एका छापखान्यात मुद्रितं तपासली. लग्नपत्रिका, पतपेढ्यांचे वार्षिक अहवाल, नाटकांची हँडबिलं, एकदा तर पंचांगसुद्धा. त्या नोकरीनं डोळ्यांना चष्मा दिला आणि एक खोड दिली. बारीक अक्षर दिसलं की वाचल्याशिवाय राहवत नाही. २०१८ साली छापखाना बंद झाला आणि मी वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या घरी परत आलो. चष्मा आला तशी खोडही बरोबर आली.

दसऱ्यानंतर लेट्यूसच्या बियाण्याचं एक पाकीट टपालानं आलं. पुढच्या बाजूला हिरव्यागार गड्ड्याचा फोटो. मागे तळाशी, मुंगीच्या पायाएवढ्या टायपात, एक ओळ होती. एचआर, मग बीएल आणि त्यापुढे १६ पासून सुरू होणारी आकड्यांची रांग. मग एनआर:०. मग एक तिरकी रेघ, आणि शेवटी आयआर, एलएमव्ही:१. गिऱ्हाइकानं वाचू नये म्हणून छापलेली ओळ असते ना, तशी. मी ती पडवीत उभ्या उभ्या तीनदा वाचली. आधीच्या दोन हिवाळ्यांत माझी जी माती झाली होती, तिचं कारण त्या शेवटच्या चार-पाच अक्षरांत होतं.

पण लेट्यूस कुठून आलं ते आधी सांगायला हवं, कारण आमच्या गावात अजूनही निम्मे लोक त्याला कोबीचं पोर समजतात.

आमची जमीन म्हणजे गडग्याच्या आतलं परडं आणि खाली ओहोळाच्या कडेला वायंगणाचे चार कुणगे. भात कापून झालं की पूर्वी तिथं कुळीथ, चवळी, लाल भाजी, मुळा व्हायचा. तेरेखोलच्या पलीकडे गोवा. मांद्रे, हरमलच्या बाजूला हॉटेलं इतकी झाली आहेत की डिसेंबरात तिथं भाताच्या पेजेपेक्षा सॅलड जास्त खाल्लं जात असावं. तिथल्या एका स्वयंपाक्याशी ओळख निघाली. तो म्हणाला, लेट्यूस बेळगावाकडून येतं, पोचेपर्यंत मान टाकतं, तू पिकवलंस तर रोज सकाळी घेतो. मी पिकवायला घेतलं. त्याआधी मी आयुष्यात लेट्यूस दोनदा खाल्लं होतं, दोन्ही वेळा वड्याखाली अंथरलेलं.

कोकणात लेट्यूस लावणं म्हणजे उन्हाशी भांडण. बी उकाड्यात उगवतच नाही. तीसच्या आसपास पारा गेला की ते झोपून राहतं. मग मी ओल्या फडक्यात बी गुंडाळून डब्यात घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवतो, दोन दिवसांनी ट्रेमध्ये टाकतो. वर हिरवी जाळी. रोपं कुणग्यात जायला मार्गशीर्ष उजाडतो. फेब्रुवारी लागला की संपलं. गड्ड्याच्या पोटातून दांडा वर येतो, पान मोडलं की पांढरा चीक येतो आणि कडूजहर होतं.

आयेनं पहिल्या वर्षी एक पान चावून बघितलं आणि विचारलं, "ह्या खावन पोट भरता काय?" तेव्हापासून तिच्या लेखी तो गोऱ्यांचो पालो.

पहिला हिवाळा बरा गेला. बी सुट्टं घेतलं होतं, एका दुकानातून, कागदाच्या पुडीत. जात विचारली तर "हायब्रीड" एवढंच उत्तर. आपल्याकडे हायब्रीड हा शब्द "चांगलं" या अर्थानं वापरतात. काही झाडं पुढं चालली, काही खुरटी राहिली, त्यांचे गड्डे बांधलेच नाहीत, पानं जराशी मळकट-चट्टेरी. मी म्हटलं शेणखत कमी पडलं. चांगले गड्डे गोव्याला गेले. आणि फेब्रुवारीत जी पस्तीस-चाळीस खुरटी झाडं विकली गेली नाहीत, ती मी तशीच वाढू दिली. दांडे आले, पिवळी फुलं आली, मग सावरीसारखा कापूस. मी मलमलीच्या तुकड्यात ते बी गोळा केलं, फुंकून साफ केलं आणि बाटलीत भरलं. घरचं बी! अभिमानानं बाटलीवर चिठ्ठीसुद्धा चिकटवली, तारीख घालून.

आता वाचणाऱ्यांपैकी ज्यांनी कधी शेती केली आहे त्यांनी कपाळावर हात मारला असेल. मी सर्वांत वाईट झाडांचं बी धरलं होतं.

दुसऱ्या हिवाळ्यात एकशे चार खणांचे सहा ट्रे भरले. तिसरं-चौथं पान आलं तेव्हा मला काही रोपं वेगळी दिसली. पानावर फिकट आणि गडद हिरव्याचे ठिपके, काचेच्या मागून उजेड यावा तशा शिरा, कडा किंचित मागे वळलेल्या. प्रत्येक ट्रेत चार, पाच, एकात सात. जाळीच्या आत, बंद खोपीत. मावा अजून कुठं दिसतही नव्हता. मी ती रोपं टाकली नाहीत. टाकवली नाहीत म्हणा. पोटच्या बियाची होती ना. जानेवारीपर्यंत अर्धा मळा चट्टेरी झाला. मग मावा आला, मग मी निंबोळी अर्क मारला, मग आणखी कडक औषध मारलं, मग आणखी. मावा मेला. रोग जिथल्या तिथं.

ओळखीचे एक कृषी पदवीधर आहेत, त्यांनी येऊन पान उन्हासमोर धरलं आणि एका शब्दात सांगितलं, मोझॅक. प्रयोगशाळेत पाठवायला ते म्हणत होते, मी आळस केला. पण ट्रेमध्येच, माव्याआधी, घरच्या बियातून उगवलेल्या रोपांवर दिसला म्हणजे तो बियातूनच आला, एवढं मलाही कळत होतं. लेट्यूसमध्ये बियातून चालणारा मोझॅक म्हटलं की पहिलं नाव येतं ते लेट्यूस मोझॅक व्हायरसचं. एलएमव्ही.

त्यानंतरचा पावसाळा मी वाचण्यात घालवला. बाहेर पाऊस कोसळत असताना कोकणात माणसानं दुसरं करायचं तरी काय. मोबाईलवर, चष्मा पुसत पुसत, कळेल तेवढं वाचलं, न कळेल ते परत वाचलं.

हा रोग १९२१ मध्ये जॅगर नावाच्या शास्त्रज्ञानं फ्लोरिडातून नोंदवला. दोन वर्षांत न्यूहॉलनं दाखवलं की तो बियातून जातो. सगळ्या बियातून नाही. शेकड्याला एखाद-दुसरं ते फार तर दहाच्या आसपास. ऐकायला किरकोळ. पण ती दोन रोपं मळ्यात पेटत्या काडीसारखी उभी असतात आणि मावा त्यांच्यावरून उठून शेजारी बसतो. आणि हा विषाणू माव्याच्या पोटात जाऊन मुरत नाही, त्याच्या सोंडेच्या टोकालाच लागून राहतो. काही सेकंदांचं टोचणं पुरतं, आणि पुढच्या झाडावर तो सोडायलाही तेवढाच वेळ. म्हणून माझं औषध वाया गेलं. मावा मरायच्या आधी चार घरं फिरून आलेला असायचा. आमच्याकडे भावकीत बातमी पसरते तशी. सांगणाऱ्याला गप्प केलं तोवर वाडीभर झालेली असते.

कॅलिफोर्नियात सॅलिनास नावाचं खोरं आहे, अमेरिकेच्या लेट्यूसचं माहेर. तिथं १९५२ मध्ये ग्रोगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगितलं की औषधांच्या मागे लागू नका, बियाणं रोगमुक्त करा. मग नियम झाला. बियाण्याच्या ढिगातून तीस हजार बिया तपासायच्या आणि त्यांत रोगट बी निघालं पाहिजे ते शून्य. एक निघालं तरी तो ढीग पेरायचा नाही. तपासायची जुनी पद्धत मला फार आवडली. बिया वाटून तो रस किन्वाच्या पानांवर चोळायचा, विषाणू असेल तर पानावर डाग उमटतात. किन्वा म्हणजे आपल्या चाकवताची बहीण. ज्या चाकवताची ताक घालून पातळ भाजी करतो, त्याची बहीण परदेशात परीक्षक म्हणून बसली आहे.

दुसरा नियम त्याहून मजेशीर. डिसेंबरात, ७ ते २१ तारखांच्या दरम्यान, त्या भागात शेतात एकही लेट्यूसचं झाड उभं ठेवायचं नाही. जुन्या पिकावरचा विषाणू नव्या पिकावर जायला पूलच उरू नये म्हणून. हे वाचलं तेव्हा बाहेर धो धो पाऊस पडत होता आणि माझा कुणगा गुडघाभर पाण्यात. म्हटलं, आमच्याकडे हा कायदा वरुणराजा चार महिने पाळून घेतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत माझ्या जमिनीत लेट्यूसचं पान नव्हतं. तरी रोग आला, कारण पूल मी स्वतः बाटलीत भरून, चिठ्ठी लावून, कपाटात ठेवला होता.

आता त्या पाकिटावरच्या अक्षरांकडे येतो. आयआर म्हणजे मध्यम प्रतिकार, एचआर म्हणजे उच्च. बीएल हा लेट्यूसचा केवडा, बुरशीसारख्या जिवाचा. एनआर हा एका जातीचा मावा. आणि एलएमव्ही आपला वैरी. या प्रतिकारामागे एक जनुक आहे, त्याचं नाव एमओ-वन. हे जनुक काय करतं हे समजल्यावर माझ्यातला जुना मुद्रितशोधक खुर्चीतून उठला. शब्दशः. आयेनं विचारलं काय चावलं म्हणून.

मी समजत होतो प्रतिकार म्हणजे झाडाकडे काहीतरी जास्त असणार. काटा, विष, ढाल. इथं तसं नाही. इथं झाडात एक छापायची चूक आहे.

सांगायचा प्रयत्न करतो. पेशीत प्रथिनं बनवायचा कारखाना असतो. जनुकांकडून तिथं निरोप येतात, आरएनएच्या रूपात. प्रत्येक खऱ्या निरोपाच्या डोक्यावर एक रासायनिक टोपी असते. (तिला शास्त्रज्ञही टोपीच म्हणतात, मी अलंकार करत नाही.) दारावर एक प्रथिन उभं असतं, त्याचं नाव ईआयएफ-फोर-ई. ते टोपी ओळखतं आणि निरोपाला आत नेतं. देवळाच्या महाप्रसादाला दारावर उभा असलेला मानकरी डोळ्यांसमोर आणा. ओळखीचा दिसला की हाताला धरून पंगतीत बसवतो. हा विषाणू म्हणजे जेमतेम दहा हजार अक्षरांचा एक आरएनए. त्याला टोपी नाही. त्यानं डोक्यावर स्वतःचंच एक छोटं प्रथिन चिकटवलेलं असतं, आणि ते प्रथिन जाऊन थेट मानकऱ्याचा हात धरतं. मी अमक्याचा पाव्हणा. मानकरी भिडस्त. विषाणू आत जातो, पानावर बसतो आणि मग उठतच नाही. सगळा स्वयंपाक त्याच्यासाठीच होतो.

एमओ-वन असलेल्या झाडात या मानकऱ्याचा हात किंचित वेगळा घडलेला असतो. टोपी त्याला ओळखता येते, घरचं काम व्यवस्थित चालतं. पण विषाणूला तो हात नीट धरताच येत नाही. २००३ मध्ये फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी हे उलगडून दाखवलं. चुका दोन तऱ्हेच्या सापडल्या. एकीत प्रथिनाच्या साखळीत सत्तराव्या जागेवर अलानिन या घटकाऐवजी प्रोलिन हा दुसरा घटक आला आहे. एका अक्षराचा फरक. दुसरीत एकशेआठ ते एकशेदहा या जागांवरची तीन अक्षरं जाऊन तिथं एकच आलं आहे, हिस्टिडिन. बावीस वर्षं मी लाल शाईनं अशाच चुका काढत होतो. "शुभाशीर्वाद"मधला रफार गेला म्हणून एकदा पाचशे पत्रिका परत छापल्या आहेत. आणि इथं एक अक्षर चुकलं म्हणून अख्खं झाड वाचतं. निसर्गाच्या छापखान्यात मी मुद्रितं तपासत असतो तर हे जनुक मी पहिल्याच वाचनात मारलं असतं.

ही चूक कुणी बनवली नाही, ती सापडली. तीन अक्षरांची जागा एकानं घेतलेली चूक गाय्येगा दे इन्विएर्नो नावाच्या जुन्या जातीत होती. तिचा प्रतिकार १९६५ च्या सुमारास अर्जेंटिनात लक्षात आला. दुसरी इजिप्तहून आलेल्या बियाण्याच्या नमुन्यांत. सॅलिनासमध्ये एडवर्ड रायडर नावाचे पैदासकार होते, त्यांनी ती अमेरिकी गड्ड्यात उतरवली. इजिप्तमध्ये लेट्यूस हजारो वर्षांचं, देवळांच्या भिंतींवर कोरलेलं. तिथल्या कुठल्या तरी वाफ्यात कधीतरी एक अक्षर चुकलं आणि कुणाला पत्ता नव्हता.

आता यातली खोच. हे जनुक अप्रभावी आहे. आईकडून एक, बापाकडून एक, दोन्ही प्रती चुकीच्या असल्या तरच उपयोग. एक प्रत बरोबर आणि एक चुकीची असली तर दारावर दोन मानकरी उभे राहतात, एक नवा, एक जुना. विषाणू सरळ जुन्याकडे जातो. पंगतीत शिरायला एकच भिडस्त माणूस पुरतो, हे आमच्या गावात कुणालाही समजावून सांगावं लागणार नाही.

म्हणजे प्रतिकारक्षम झाड दुसऱ्या कुठल्याही झाडाशी संकर केलं की पहिल्या पिढीत तो गुण गायब. दुसऱ्या पिढीत चारांत एक झाड पुन्हा तसं निघतं. पैदास करणाऱ्यांनी किती वर्षं, किती हजार रोपांवर माव्याच्या सोंडा किंवा रसाचे बोळे चोळले असतील, ते मनात आणा. त्यातल्या त्यात लेट्यूस स्वतःचं स्वतः परागण करून घेतं, म्हणून एकदा जात पक्की झाली की टिकते.

आणि ते पुढचं "१"? सुरुवातीला मला वाटलं पहिला नंबर. तसं नाही. तो विषाणूच्या वाणाचा क्रमांक. त्या वाणाविरुद्ध, एवढाच करार. कारण विषाणूही मुद्रितं सुधारत असतो. एलएमव्ही-मोस्ट नावाचा एक गट आहे, तो बदललेला हातही धरायला शिकला, आणि वर त्या जातींच्या बियातूनही जातो. म्हणजे मानकरी बदलला तरी पाव्हण्यानं नवी ओळख काढली. पाकिटावरच्या त्या एका आकड्यात मला फार प्रामाणिकपणा वाटला. दुकानातल्या "हायब्रीड"पेक्षा कितीतरी जास्त. "मध्यम" म्हणतो, "१" म्हणतो, आणि गप्प बसतो. अर्थात तो बारीक टायपात छापला होता, तेही लक्षात आहे.

एक किस्सा सांगायचा मोह आवरत नाही. लेट्यूसच्या केवड्याविरुद्ध प्रतिकार हवा म्हणून पैदासकारांनी रानटी लेट्यूसमधून एक जनुक आणलं. काम फत्ते, केवडा आटोक्यात. पण नव्या जातींवर दुसराच एक विषाणू पडायला लागला, टर्निप मोझॅक. जुन्या गड्ड्यांवर तो कधी पडला नव्हता. त्यांच्याकडे त्याच्याविरुद्धचं प्रभावी जनुक मुळातच होतं, पण कुणाला माहीत नव्हतं, कारण गरजच पडली नव्हती. रानटी बाजूच्या त्या गुणसूत्राच्या तुकड्यात केवड्याचा प्रतिकार आणि या विषाणूची शिकार होण्याचा गुण शेजारी शेजारी होते. एक आणताना दुसरा आला, आणि घरचा चांगला गुण बाहेर पडला. १९७० च्या आसपास झिंक आणि डफस या दोघांनी ही गाठ दाखवून दिली. आयेला सांगितलं तर म्हणाली, "बाजारातली कोंबडी हाडलंय की पिसवे येतलेच." तिनं या विषयावर याहून जास्त काही म्हटलं नाही आणि मलाही याहून चांगलं सुचलेलं नाही.

आये बहात्तर वर्षांची आहे. परड्यात तिची भेंडी असते. मृगात टोकते, गणपतीपर्यंत काढते. पाऊस जरा उघडला की पांढरी माशी येते आणि भेंडीवर केवडा पडतो. हा वेगळा केवडा बरं, वर लेट्यूसचा म्हटला तो नव्हे. मराठीत पान पिवळं पडलं की केवडा म्हणायची पद्धत आहे, मग ती बुरशी असो, विषाणू असो की आणखी काही. भेंडीचा केवडा विषाणूचा. शिरा हळदीसारख्या पिवळ्या होतात, मग सगळं पान, मग भेंडीसुद्धा फिकट आणि निबर. हा रोग पहिल्यांदा नोंदवला गेला तोही आपल्याच जुन्या मुंबई इलाख्यात, १९२४ मध्ये, कुलकर्णी नावाच्या संशोधकाकडून. म्हणजे लेट्यूसच्या मोझॅकनंतर तीनच वर्षांनी. फरक एवढाच की भेंडीचा विषाणू बियातून जात नाही. रोगट झाडाच्या बियातून तो येत नाही, पण झाडाचा दुबळेपणा येतो.

भेंडीच्या बाबतीत आपल्याकडे मोठं काम परभणीला झालं. जांभळे आणि नेरकर या दोघांनी पुसा सावनी ही तेव्हाची लाडकी जात घेतली. ती आधी केवड्यापुढं टिकायची, मग टिकेनाशी झाली होती. तिचा भेंडीच्या एका दूरच्या नातलगाशी संकर केला, आणि मग लेकरं पुन्हा पुन्हा पुसा सावनीशी जुळवत नेली, कारण अशा दूरच्या लग्नाची पहिली पिढी बहुधा वांझच निघते. १९८५ मध्ये परभणी क्रांती आली. त्यांच्या अभ्यासात हा प्रतिकार एका प्रभावी जनुकाचा निघाला, म्हणजे लेट्यूसच्या उलट. इथं एक प्रत पुरते. बेंगळुरूच्या अर्का अनामिका या जातीत हाच गुण रानभेंडीच्या एका उपजातीतून आणला. ती उपजात आपल्या सह्याद्रीत, कातळावर, गडग्याच्या बेचक्यात पावसाळ्यात उगवते. पिवळं फूल, आत काळपट लाल डोळा, लव इतकी खाजरी की हात लावला तर संध्याकाळपर्यंत आठवण राहते. आमच्या परड्यात ती दर वर्षी येते आणि आये दर वर्षी ती उपटते.

वडिलांनी १९८८-८९ च्या सुमारास परभणी क्रांतीचं बी आणलं होतं, असं आये सांगते. तिला नाव आठवत नाही, "क्रांतीचा बी" एवढं आठवतं. तेव्हापासून ती घरचंच बी धरते. भेंडीत मधमाश्या इकडचं तिकडं करतात, त्यामुळे पस्तीस वर्षांत त्या क्रांतीचं काय राहिलं असेल देव जाणे. शिवाय परभणी क्रांतीवरही अलीकडे बऱ्याच ठिकाणी केवडा पडतो. तिथंही पाव्हण्यांनी नव्या ओळखी काढल्याच. पण आयेची भेंडी शेजाऱ्यांपेक्षा पंधरा-वीस दिवस जास्त हिरवी राहते, हे मी स्वतः पाहिलं आहे.

गेल्या भाद्रपदात आये बी कशी धरते ते मी नीट बघितलं. पाऊस उघडून पंधरवडा झाला, अर्धी भेंडी पिवळी पडली, तेव्हा ती सकाळी परड्यात फिरली. हातात जुन्या लुगड्याच्या काठाचे लाल दोरे. जी झाडं पिवळ्या झाडांच्या अगदी मध्ये उभी राहूनही हिरवी होती, त्यांना तिनं दोरा बांधला. कडेच्या हिरव्या झाडांना बांधला नाही. मी विचारलं, ती पण हिरवीच आहेत की. म्हणाली, "त्येंच्यार अजून माशी बसाक नाय. कशी कळतली?"

हे मी छापील कागदावर वाचलं असतं तर त्याला चाचणी म्हटलं असतं. रोगाच्या दाटीत निवड. पैदासकार ज्या कारणासाठी रोगट झाडांच्या ओळींमध्ये रोपं लावतात, तेच कारण. दोरा बांधलेल्या झाडांच्या भेंड्या तिनं काढल्या नाहीत, झाडावरच वाळू दिल्या, मग घोस करून चुलीवरच्या आढ्याला टांगल्या. आणि मी, शिकलेला, बावीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढलेला, मी विकल्या न गेलेल्या झाडांचं बी धरलं होतं. मला लाज वाटली. ती तिला सांगितली नाही, तिला माहीतच होती.

यंदाचं पाकीट महाग पडलं. एक हजार बिया, मातीचा लेप देऊन गोल केलेल्या, मोहरीहून जरा मोठ्या. आयेनं हातात घेऊन बघितल्या. "बियां काय ही? औषदाची गोळये." या बिया घरी धरल्या तर चालतील का, हा विचार डोक्यात आहे. गुण दोन्ही प्रतींत पक्का असेल आणि झाडं निरोगी असतील तर पुढच्या पिढीतही उतरेल. पण पाकिटावर जात संकरित आहे की सरळ, ते कुठंच छापलेलं नाही. इतकी अक्षरं छापली आणि हे राहिलं. जुना धंदा असता तर समासात प्रश्नचिन्ह काढून परत पाठवलं असतं. तूर्त दहा झाडं बियाला सोडायची ठरवली आहेत. सर्वांत चांगली दहा. त्यांना कुठला दोरा बांधायचा तो आयेकडून मागून आणला आहे.

ट्रे भरून आज बारा दिवस झाले. रोज पहाटे, ऊन यायच्या आधी, मोबाईलचा टॉर्च पानामागे धरून एकेक खण बघतो. सहाशे चोवीस खण, पाचशे ऐंशी रोपं. परवा तिसऱ्या ट्रेत एक पान ठिपक्याठिपक्यांचं दिसलं आणि पोटात गोळा आला. चष्मा काढून, पुसून, परत लावून बघितलं. चुना होता. आदल्या दिवशी पडवीचा कठडा रंगवला त्याचे शिंतोडे.

आणि परड्यात, गडग्याच्या कडेला, रानभेंडी अजून उभी आहे. बोंडं वाळत आली. या वर्षी आयेनं ती उपटली नाही. मी विचारलं का ठेवलीस, तर वर न बघता म्हणाली, "ऱ्हवांदे. तुका काय करता ती?"